पोरानं हायस्कूल सोडलंय? अमेरिकेतल्या युथ चॅलेंजला पाठवण्याआधी हे वाचा

आमच्या मित्राच्या मुलानं अकरावीत, म्हणजे इथल्या भाषेत ज्युनियर इयरला, शाळेत जाणं बंद केलं. भांडण नाही, मारामारी नाही, एक दिवस उठलाच नाही, मग दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मार्च उजाडला तोवर घरात आई, बाबा आणि एक बंद दार एवढंच उरलं होतं. पुण्यात आजीला सांगितलं की ऑनलाइन शाळा चालू आहे. महाराष्ट्र मंडळाच्या गुढीपाडव्याला तिघंही आले नाहीत. शाळेच्या काउन्सिलरनं समर स्कूल सुचवलं आणि विषय संपवला, युथ चॅलेंज या सरकारी निवासी प्रोग्रॅमबद्दल चकार शब्द काढला नाही. आम्हाला तो कळला तो एका शेजाऱ्याकडून, ज्याचा पुतण्या तिथे जाऊन आला होता. नंतर मी त्या पोराचा मेंटॉर, म्हणजे घरी आल्यावर वर्षभर त्याच्या पाठीशी राहणारा मोठा माणूस, झालो, त्यामुळे आतलं बाहेरचं बरंच बघायला मिळालं. आम्हाला तेव्हा कुणी हे सगळं एका जागी सांगितलं असतं तर चार महिने वाचले असते, म्हणून लिहितोय.

आधी हे नक्की काय आहे

नाव आहे नॅशनल गार्ड युथ चॅलेंज प्रोग्रॅम. नॅशनल गार्ड म्हणजे प्रत्येक राज्याचं राखीव सैन्यदल, पूर आला वादळ आलं की मदतीला उतरतं ते. १९९३ साली अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, मंजुरीनं दहा राज्यांत प्रयोग म्हणून सुरू झाला, १९९८ पासून कायमचा झाला, आज देशभरात अशा सुमारे ४० अ‍ॅकॅडम्या आहेत. बऱ्याचशा जुन्या नाहीतर चालू लष्करी तळांवर आहेत. इलिनॉयची रँटूलला जुन्या हवाई तळाच्या जागेत, वॉशिंग्टन राज्याची ब्रेमर्टनला, कॅलिफोर्नियाची एक लॉस अलामिटोसला आणि एक सॅन लुइस ओबिस्पोला, जॉर्जियाची फोर्ट स्टुअर्टला. प्रत्येक राज्यात नाहीये, त्यामुळे आधी आपल्या राज्यात आहे का ते बघा.

पैसे लागत नाहीत. खर्चाचा ७५ टक्के वाटा केंद्र सरकार उचलतं, २५ टक्के राज्य. राहणं, जेवण, शिकवणं यातल्या कशाचीच फी नाही. हे ऐकून आपल्या लोकांना पहिल्यांदा संशयच येतो, फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार, सैन्यात भरती करून घेतील. नाही घेत. सैन्यात जायचं कसलंही बंधन नाही, कुठली सही करून घेत नाहीत.

आपल्याकडे मिलिटरी शाळा म्हटलं की साताऱ्याची सैनिक स्कूल डोळ्यासमोर येते, १९६१ साली निघालेली, हुशार पोरं निवडून एनडीएसाठी तयार करणारी. हे तसं अजिबात नाही. इथे येणारी पोरं शाळेतून गळालेली असतात किंवा गळायच्या बेतात असतात. युनिफॉर्म, रांगा, पहाटेची पीटी हे सगळं आहे पण ते दिवसाला आकार यावा म्हणून, आणि ज्या पोराचा दिवस दुपारी दोनला सुरू होऊन पहाटे चारला संपतो त्याला त्या आकाराचीच सगळ्यात जास्त गरज असते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. सगळे म्हणतात "साडेपाच महिन्यांचा कोर्स". तो साडेपाच महिन्यांचा नाही, साधारण साडेसतरा महिन्यांचा आहे. दोन आठवडे सवय लावण्याचे, मग २० आठवडे राहण्याचे, आणि मग घरी आल्यावर १२ महिने मेंटॉरबरोबरचे. लोक पहिल्या साडेपाच महिन्यांची जय्यत तयारी करतात आणि शेवटच्या बारा महिन्यांचा विचार पोरगं घरी आल्यावर करतात. माझ्या डोळ्यासमोर जे बिघडलं ते सगळं तिथे बिघडलं.

पहिलं काम: पोराला विचारा, खरंच विचारा

प्रोग्रॅम पूर्णपणे स्वेच्छेचा आहे. कोर्ट शिक्षा म्हणून पाठवू शकत नाही, आईबाप फसवून आणून सोडू शकत नाहीत, मुलाखतीत पोराला समोर बसवून विचारतातच की तुला यायचंय का, आणि तो नाही म्हणाला की विषय संपला. त्यामुळे "तुला मिलिटरीत टाकतो" अशी धमकी आजवर दिली असेल तर आधी ती मागे घ्या, स्पष्ट शब्दांत.

आमच्या मित्रानं काय केलं तर पोराला गाडीत घेऊन नुसता निघाला, हायवेला लागेपर्यंत काही बोलला नाही, मग म्हणाला मला हे हे कळलंय, पुढच्या शनिवारी ओरिएंटेशन म्हणजे माहितीची बैठक आहे, नुसतं बघून येऊ, नाही आवडलं तर परत कधी विषय काढणार नाही. पोरानं दहा मिनिटांनी एकच प्रश्न विचारला, फोन किती दिवस नाही? बाबा म्हणाला साडेपाच महिने. पोरगं गप्प. पण शनिवारी सकाळी तो तयार होऊन खाली आला होता.

ओरिएंटेशनला जाच, फोनवर भागवू नका. तिथे चालू बॅचची पोरं बहुतेक वेळा भेटतात, आणि आपल्या पोराला त्यांचं जे ऐकू येतं ते आपलं कधीच येत नाही.

कोण जाऊ शकतं

वय १६ ते १८. मुलं मुली दोन्ही, बरॅक वेगळ्या. शाळा सोडलेली किंवा क्रेडिट, म्हणजे हायस्कूल पूर्ण करायला लागणारे विषयांचे गुण, इतके मागे की ग्रॅज्युएट होणं अवघड आहे. गंभीर गुन्ह्यात म्हणजे फेलनीत दोषी नको, तशी केस चालू नको. प्रोबेशनवर, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीखाली, असेल तर आधी फोन करून विचारा, शाळा बुडवणं, घरातून पळणं असल्या फक्त अल्पवयीनांना लागू होणाऱ्या बाबींचं चालतं, बाकीचं नाही. आत जाताना ड्रग फ्री असावं लागतं आणि टेस्ट होते. गांजा काही राज्यांत कायदेशीर असला तरी इथे चालत नाही, आणि तो शरीरात काही आठवडे सापडू शकतो, त्यामुळे घेत असेल तर ते आदल्या आठवड्यात नाही, आत्ता बोला.

शरीरानं आणि मनानं झेपेल असं असावं लागतं. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आजाराची, गोळी, दम्याचा पंप, डिप्रेशनचं औषध यातलं काहीही असेल तर लपवू नका, लोक लपवतात कारण भीती वाटते की नाकारतील. खरं सांगितलं तर ते औषध वेळेवर द्यायची सोय करू शकतात, लपवलं तर तिथे अचानक औषध बंद होतं आणि पोरगं पहिल्याच आठवड्यात कोसळतं.

आता आपल्या लोकांचा खास प्रश्न, व्हिसा. अट आहे नागरिक किंवा कायदेशीर रहिवासी. ग्रीन कार्ड असेल तर अडचण नाही. एच-फोरवरच्या, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या, मुलासाठी मात्र अ‍ॅडमिशन ऑफिसला आधी ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या, आणि शाळा सोडण्याचा व्हिसावर काय परिणाम होतो ते इमिग्रेशन वकिलाला वेगळं विचारा.

खाजगी बूट कॅम्पशी गल्लत करू नका

हे मी मोठ्यानं सांगतोय. बूट कॅम्प म्हणजे लष्करी धाकानं मुलं सुधारतो म्हणणारे कॅम्प. गुगलवर "बिघडलेल्या मुलांसाठी मिलिटरी स्कूल" टाकलं की वर ज्या जाहिराती येतात त्यातल्या बऱ्याचशा खाजगी धंद्याच्या असतात, महिन्याला हजारो डॉलर घेतात, आणि काही ठिकाणी तर रात्री घरी दोन माणसं पाठवून पोराला उचलून नेतात. आमच्या मित्राला अशाच एका ठिकाणाहून दिवसात तीन फोन यायचे, बाई गोड बोलायची, "आजच डिपॉझिट भरा, उद्या उशीर होईल" म्हणायची. आई जवळजवळ भरणारच होती. मी तिला म्हटलं वहिनी, जी जागा पोराशी एक शब्द न बोलता त्याला घ्यायला तयार आहे तिथे आपलं पोर ठेवायचं नाही.

अशा जागांत मुलं दगावलीयत. फ्लोरिडात तर सरकारी बूट कॅम्पमध्येच २००६ साली १४ वर्षांचा मुलगा गार्डांच्या मारहाणीनंतर गेला, त्यानंतर त्या राज्यानं ते कॅम्प बंद केले. अशा निवासी संस्थांमधल्या छळाविरुद्धचा केंद्राचा कायदा २०२४च्या डिसेंबरमध्ये झाला. युथ चॅलेंजमध्ये शिस्त कडक आहे, ओरडतात, पुशअप मारायला लावतात, पण अंगाला हात लावायचा नाही हा नियम आहे. तरीही ओरिएंटेशनला सरळ विचारा की कुणी नियम मोडला तर पोरानं तक्रार कुणाकडे आणि कशी करायची, आणि उत्तर पोराच्या समोर घ्या.

कागदपत्रं

बॅच वर्षात दोन, साधारण जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. तीन चार महिने आधी हलायला लागा. जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, इन्शुरन्स कार्ड, शाळेचा ट्रान्सक्रिप्ट म्हणजे गुणपत्रक, डॉक्टरांची तपासणी, लसींचा रेकॉर्ड, एवढं बहुतेक ठिकाणी लागतं. पोराचा जन्म इकडचा नसेल तर घोळ होतो: महापालिकेचा दाखला फक्त मराठीत असला तर त्याचं भाषांतर लागतं, आणि लसींचं ते पिवळं पडलेलं पुस्तक मिरजेला नाहीतर नाशिकला आजोबांच्या कपाटात असतं. पहिल्याच आठवड्यात फोटो मागवून घ्या आणि इथल्या डॉक्टरकडून राज्याच्या फॉर्मवर चढवून घ्या.

स्पेशल एज्युकेशनची फाइल म्हणजे आयईपी असेल तर तीही जोडा. पोराला "मला का यायचंय" हे लिहायला सांगू शकतात. ते तुम्ही लिहू नका, दुरुस्तही करू नका. आमच्या पोरानं तीन ओळी लिहिल्या होत्या, त्यात शेवटची होती "मला सकाळी उठायचं काहीतरी कारण पाहिजे". बाबाला ते कमी वाटलं, तो वाढवायला निघाला होता, आईनं कागद त्याच्या हातातून काढून घेतला.

मेंटॉर शोधा, आणि हे शेवटाला ठेवू नका

अर्जाबरोबरच किंवा पहिल्या काही आठवड्यांत मेंटॉरचं नाव मागतात. लोक घाईत कुणाचंही नाव टाकतात. माझ्या मते साडेसतरा महिन्यांतला हा सगळ्यात मोठा निर्णय आहे.

साधारण नियम असे: मेंटॉर २१च्या पुढचा, काही ठिकाणी वयाची अट जास्त, मुलाला पुरुष आणि मुलीला बाई, आईबाप नाही, त्याच घरात राहणारं नाही. त्याची पार्श्वभूमी तपासतात, ट्रेनिंग देतात, आणि घरी आल्यावर वर्षभर महिन्यातून चारेक वेळा तरी पोराशी संपर्क ठेवून अ‍ॅकॅडमीला रिपोर्ट द्यायचा असतो.

आपल्याकडे पटकन एखादे मोठे डॉक्टर काका, मंडळाचे अध्यक्ष, कंपनीत व्हीपी झालेले दादा अशी नावं सुचतात. माणसं चांगलीच असतात, पण वेळ कुठे असतो? आणि पोरगं त्यांच्यासमोर आधीच दबलेलं असतं, कारण दहा वर्षं त्याला त्यांच्याच मुलांची उदाहरणं ऐकवलीयत. असा माणूस बघा ज्याच्याशी पोरगं आधीपासून बोलतं, मग तो क्रिकेट खेळवणारा असो, गॅरेजवाला असो, गणपतीला ढोल शिकवणारा असो. आणि नाव पोराला सुचवू द्या. आमच्याकडे त्यानं माझं नाव घेतलं तेव्हा मला आश्चर्यच वाटलं. नंतर कधीतरी विचारलं, माझंच का रे? म्हणाला, काका, तुम्ही मला कधी मार्क विचारले नाहीत.

मेंटॉर होणार असाल तर तुमच्यासाठीही सांगतो. तुम्ही आईबापांचे हेर नाही. पोरानं सांगितलेलं घरी पोचवलंत की तुमचा फोन तो उचलणार नाही. जिवाला धोका, नशा, कुणी मारतंय असलं काही असेल तर मात्र लगेच अ‍ॅकॅडमीला आणि घरी सांगायचं, आणि असं करणार हे पहिल्याच भेटीत त्याला सांगून ठेवायचं.

बॅग आणि पहिले दोन आठवडे

यादी अ‍ॅकॅडमी देते, तीच पाळा, एक वस्तू कमी नाही एक जास्त नाही. बहुतेक यादीत पांढरे मोजे, साधे अंतर्वस्त्र, धावायचे बूट, टॉवेल, साबण असतं. बूट नवे कोरे देऊ नका, महिनाभर आधी घेऊन रोज घालून चालायला लावा, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त रडवतात ते पायाचे फोड. प्रत्येक मोज्यावर काळ्या मार्करनं नाव. आमच्या वहिनींनी रात्री जेवणाच्या टेबलावर बसून मोज्यांचे बारा जोड लिहिले, नाव पूर्ण, आडनावासकट, बालवाडीच्या डब्यावर लिहायच्या तसंच. पोरगं समोर बसून बघत होतं, मग त्यानं दुसरा मार्कर घेतला आणि टॉवेलवर लिहायला लागला.

पाकिटं आणि स्टॅम्प भरपूर द्या, पत्ते आधीच लिहून. स्वतःचा फोन नाही, त्यामुळे पत्र हेच मुख्य साधन, आणि या पोरांनी जन्मात पाकिटावर पत्ता लिहिलेला नसतो.

शाकाहारी असाल तर आधीच कळवा. जेवण मेसमध्ये सगळ्यांना एकच असतं, सोय होते पण वरणभात मिळणार नाही, हे पोराला आणि त्याहून जास्त आजीला सांगून ठेवा.

सुरुवातीच्या दोन आठवड्यांत त्याला कॅडेट म्हणत नाहीत, कँडिडेट म्हणतात. केस कापतात, पहाटे उठवतात, अंथरुणाची घडी चुकली की परत घालायला लावतात, बोलायची परवानगी मागावी लागते. याच काळात सोडून येणारे बरेच असतात. आणि याच काळात घरी पहिलं पत्र येतं. तयार राहा. "मला घेऊन जा, मी शाळेत जाईन, तुम्ही म्हणाल ते करीन" असंच पत्र जवळपास प्रत्येक घरी येतं, आमच्याकडेही आलं, रोमन लिपीत मराठी लिहिलेलं, "aai" हा शब्द चार ओळींत पाच वेळा. वहिनी गाडीची किल्ली घेऊन दारात उभ्या होत्या. काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा: त्या दिवशी काही नाही करायचं, अ‍ॅकॅडमीला फोन करून पोरगं ठीक आहे ना, आजारी नाही ना, कुणी त्रास देत नाही ना विचारायचं, आणि त्याच संध्याकाळी पत्र लिहायचं. पत्रात उपदेश नको. कुत्र्यानं काय खाल्लं, शेजारी कोण आलं, भारत मॅच जिंकला का, असलं लिहा. दुसरं पत्र दहा दिवसांनी आलं, त्यात त्यानं मोजे पाठवा म्हणून लिहिलं होतं, बाकी काही नाही.

२० आठवडे

इथे माझं फार काम नसतं, तुमचंही नाही. दिवस पहाटे सुरू, पीटी, नाश्ता, वर्ग, दुपारी अजून वर्ग नाहीतर सेवा, रात्री लवकर दिवे बंद. आठ गोष्टींवर सगळा कार्यक्रम बेतलेला आहे: अभ्यास, नोकरीची कौशल्यं, व्यायाम, नेतृत्व, नागरिकत्व, आरोग्य, जगण्यातले ताण हाताळणं आणि समाजसेवा, सेवेचे किमान ४० तास.

अभ्यासाचं एक नीट विचारून घ्या, कारण राज्याराज्यांत फरक आहे. काही ठिकाणी क्रेडिट भरून काढून पोरगं परत आपल्या हायस्कूलला जातं, काही ठिकाणी थेट डिप्लोमा मिळतो, काही ठिकाणी जीईडी. जीईडी म्हणजे हायस्कूल डिप्लोमाच्या बरोबरीची परीक्षा, चार विषय, प्रत्येकात १४५ मिळाले की पास. १६ वर्षांचं पोरगं असेल आणि परत शाळेत जायची थोडी जरी शक्यता असेल तर क्रेडिटवालं धरा, असं माझं मत. कॉलेजला जीईडी चालते, पण डिप्लोमाबद्दल कुणी कधी प्रश्न विचारत नाही.

घरी आल्यावर

ग्रॅज्युएशनला सगळे रडतात. पोरगं ताठ उभं असतं, युनिफॉर्ममध्ये, आईला ओळखू येत नाही. फोटो मंडळाच्या ग्रुपवर जातात. आणि सोमवारी तो परत त्याच खोलीत, त्याच पलंगावर, हातात फोन.

म्हणून तो आत असतानाच तीन कामं करा. एक, आत असताना पोरगं पुढचा लेखी आराखडा बनवतं, त्याची कॉपी मागा आणि घरी आल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी आठला त्यानं कुठे असायचं हे आधीच ठरलेलं असू द्या, शाळा, कम्युनिटी कॉलेज, नोकरी, काहीही. काही राज्यांत जॉब चॅलेंज नावाचं पुढचं साधारण पाच महिन्यांचं कामाचं ट्रेनिंगही आहे, विचारून बघा. दोन, खोली बदला. सामान हलवा, गेमिंगचा कॉम्प्युटर हॉलमध्ये आणा, खिडकीचा पडदा काढा. तीन, घरातली माणसं. तिकडे त्याला साडेपाच महिने कुणी सोळा वेळा हाक मारली नाही, एकदा सांगितलं की झालं. इकडे आपण दर दहा मिनिटांनी विचारणार, जेवलास का, उठलास का. ते थांबवायला आपल्यालाच सराव लागतो.

या प्रोग्रॅमचा मोठा अभ्यास झालाय, दहा अ‍ॅकॅडम्यांत, चिठ्ठी टाकल्यासारखं काहींना घेऊन काहींना न घेऊन. तीन वर्षांनी बघितलं तर ज्यांना प्रवेश मिळाला त्यांच्यातले ७२ टक्के डिप्लोमा किंवा जीईडीवाले झाले होते, ज्यांना नाही मिळाला त्यांच्यातले ५६. कमाई वर्षाला सुमारे २० टक्के जास्त. पण पोलिसांची भानगड, नशा यात दोन्ही गटांत तोवर फारसा फरक उरला नव्हता. म्हणजे शिक्षणाचं आणि नोकरीचं टिकतं, बाकीचं आपोआप टिकत नाही, त्यासाठी घर आणि मेंटॉर लागतात.

आमच्या पोराचा दुसरा महिना वाईट गेला. वेअरहाऊसची नोकरी सोडली, आठ दिवस माझा फोन उचलला नाही. मी रोज संध्याकाळी साडेसहाला एक मेसेज टाकायचो, "रविवारी भजी?" एवढाच. नवव्या दिवशी उत्तर आलं, "किती वाजता". आला, खाल्लं, आणि ओट्याजवळ उभं राहून सांगितलं की सुपरवायझर त्याला सगळ्यांसमोर हसला म्हणून सोडली. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं जाऊन दुसरीकडे फॉर्म भरून आलो. आता तो हीटिंग एसीचं काम शिकतोय, सकाळी सहाला घर सोडतो.

जुलैच्या बॅचमध्ये घालायचं असेल तर मार्चमध्ये फोन लावा. ओरिएंटेशनची तारीख, एच-फोरचं, औषधाचं आणि क्रेडिट की जीईडी, हे चार प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा, आणि फोन स्पीकरवर ठेवून पोराला शेजारी बसवा.